दोघांच्या नावाची बिअर

२२ सप्टेंबर, शनिवार

आलो एकदाचा. ट्रकवाला ब्र्नो शहरातून निघताना दोन फेऱ्या लागतील म्हणून कुरकुरत होता, पण एकाच फेरीत सगळं मावलं. निम्मं सामान राद्काने आधीच वाटून टाकलं होतं. लेकीचा उरक आईवर गेला आहे.

घर मजेदार आहे. खाली दगड, वर लाकूड, मागे प्लमची नऊ झाडं आणि त्यांच्याखाली सडलेल्या फळांवर गांधीलमाश्यांची गर्दी. परसात शेळ्यांचा जुना गोठा आहे. जाड भिंती, उत्तरेला दार, भर दुपारीही आत पंधरा अंश. स्वयंपाकघराचं कुलूप काढण्याआधी मी गोठ्याचं तापमान मोजलं. काय करणार, सदतीस वर्षं कसायांची शीतगृहं आणि आइस्क्रीमच्या पेट्या दुरुस्त केल्या, खोड जाता जात नाही.

हे घर आम्ही नवरा-बायकोने मिळून पाहिलं होतं. तिथल्या तिथे वाटणीही झाली होती: स्वयंपाकघर द्राहाचं, पिवळ्या रंगाचं, आणि गोठा माझा, घरच्या बिअरसाठी. फेब्रुवारीत द्राहा गेली. फुप्फुसांचा आजार होता. वहीत लिहिता येतं, पण तोंडाने हे वाक्य मी अजून एकदाही म्हटलेलं नाही. लोकांना फोन राद्काने केले, कबरीपाशी पाद्री बोलले, माझ्यावर वेळच आली नाही.

इथे ओल्शीन गावात मला कोणी ओळखत नाही. मान तिरकी करून कनवाळूपणे कोणी बघत नाही. हे फार बरं आहे.

२५ सप्टेंबर, मंगळवार

शेजारच्या अपोलेनाबाई ओळख करून घ्यायला आल्या. वय एक्याऐंशी, अंगात निळा झगा, हातात प्लमचं सारण भरलेल्या गरम पावांचं ताट. पोलिसांनी विचारावेत त्याहून जास्त प्रश्न त्यांनी दहा मिनिटांत विचारले. कुठले, काय करत होतात, गुडघे कसे आहेत, घरात माणसं किती.

मी म्हणालो, दोन. बायको मागून येते आहे, घर लागलं की.

इतकं सहज निघालं तोंडातून की मलाच खरं वाटलं. त्यांनी उघड्या खिडक्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, मग पडदे तरी लावा हो, नाहीतर बिचारी उंबऱ्यावरूनच माघारी जाईल. मी हसलो. त्या गेल्यावर ताट धुतलं, पण जाऊन खरं सांगावंसं वाटलं नाही. पुढच्या भेटीत सांगेन असं ठरवलं आणि पाव खाल्ले. चांगले होते.

३० सप्टेंबर, रविवार

बिअरची खोली उभी राहते आहे. आमची फिकी, थंडीत मुरणारी बिअर करायची तर पहिले आठ-दहा दिवस नऊ अंश हवेत, ना आठ ना दहा. गोठ्यातल्या पंधराचा उपयोग नाही. म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यात खोलीतली खोली बांधतो आहे: सव्वा मीटर रुंद, दीड मीटर लांब, उंची माझ्या डोक्यावर चार बोटं. लाकडी चौकट, तिच्यात दहा सेंटिमीटर जाडीचे थर्माकोलचे पत्रे, दोन थर, एकाचा सांधा दुसऱ्याच्या पोटावर येईल असे. फटींत डब्यातला फुगणारा फेस, वरून चांदीसारखी चिकटपट्टी. जमिनीलाही थर्माकोल, त्यावर फळ्या. थंडीसाठी एका मोडीत निघालेल्या फ्रिजचं यंत्र बसवलं, आत हवा खेळवायला छोटा पंखा आणि बाहेर तापमान राखणारी कळ.

आज दिवसभर एकटाच बोलत होतो. बोलत होतो म्हणजे द्राहाला सांगत होतो. ती असती तर तिने दाराशी उभी राहून विचारलं असतं की एवढी मेहनत माझ्या स्वयंपाकघरावर का नाही.

६ ऑक्टोबर, शनिवार

दार बसलं. एका बंद पडलेल्या खाटीकखान्याचं जुनं दार मी गोदामात सांभाळून ठेवलं होतं, त्याला नवी रबरी पट्टी लावली. आत दिवा लावून बाहेरून पाहिलं, उजेडाची एक रेघ नाही. सिगारेट पेटवून सांध्यांवरून फिरवली, धूर जराही ओढला गेला नाही. केसभर फट नाही. माझ्या हातून यापेक्षा चांगलं काम झालेलं मला आठवत नाही.

गावातल्या बिअरच्या गुत्त्याचा मालक मातोउश बघायला आला आणि म्हणाला, इतकी नेटकी उभी शवपेटी त्याने आजवर पाहिलेली नाही. आत स्टूल बघून विचारतो, मुक्काम करणार काय? मी सांगितलं, माझे गुडघे गेलेत बाबा, उभ्याने नोंदी होत नाहीत.

अपोलेनाबाईंनी मात्र चेष्टा केली नाही. त्यांनी काठीने खालच्या कोपऱ्यात ठोकून दाखवलं, इथे एक भोक पाडा म्हणाल्या. बिअर श्वास टाकते आणि तो श्वास जड असतो, जमिनीवर साचून राहतो, त्यात माणूस गुदमरतो. त्यांचे यजमान तळघराच्या दाराला खाली मांजरापुरती वाट ठेवत. मी म्हणालो, बाई, लोकांनी पाडलेली भोकं बुजवण्यातच माझी हयात गेली. आत जाण्याआधी दहा मिनिटं दार सताड उघडं ठेवेन, तेवढं पुरे. त्यांचं म्हणणं रास्त आहे हे मला कळतं, पण भोक पाडलं की नऊ अंश सांभाळता येणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर जीव होत नाही.

१३ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी राद्काचा फोन. डॉक्टरांनी पंधरा दिवसांची तारीख दिली आहे. बाळाला घेऊन ती अकरा नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाला, इकडे येणार. त्या दिवशी भाजलेला हंस आणि आजोबांच्या हातची बिअर, असं मी तिला कबूल केलं. मुरायला तेवढे दिवस कमीच, पण कोवळी तर कोवळी.

मग दिवसभर काम. मोड आणून वाळवलेल्या जवाचा माल्ट गरम पाण्यात भिजवला, गाळला, कडवटपणासाठी हॉपची फुलं टाकून दीड तास उकळला. पन्नास लिटर गोड काढा झाला. तो थंड करून पिंपात भरला आणि पिंप खोलीत नेलं. यीस्ट दुकानातून आणू नका, असं अपोलेनाबाईंनी बजावलं होतं. गावाचं यीस्ट या घरातून त्या घरात फिरत आलेलं आहे. लोकरी मोज्यात गुंडाळलेली बरणी घेऊन त्या संध्याकाळच्या आत आल्या.

इथली रीत मला ठाऊक नव्हती. यीस्ट देणाऱ्याने ते ओतताना घरातल्या पिणाऱ्यांची नावं मोठ्याने घ्यायची. बिअर त्या माणसांसाठी होते. मधल्या दिवसांत त्यांतलं कोणी वारलं तर घरच्या माणसाने त्याच दिवशी पिंपावर बोटाने ठोकून बिअरला सांगायचं की अमका गेला, आता वाट बघू नकोस. नाही सांगितलं तर ती बसत नाही. यजमान इस्पितळात वारले तेव्हा बाईंना घरी यायला तीन दिवस लागले होते. त्या तीन दिवसांत पिंपातला फेस झाकण उचलून जमिनीवर आला, आणि सांगितल्यावर तासाभरात खाली बसला.

हे सगळं सांगून त्यांनी विचारलं, मालकीणबाईंचं नाव काय हो?

माझं तोंड उघडलं आणि द्राहाचं पूर्ण नाव बाहेर आलं. बरणी उपडी करत त्यांनी आधी माझं, मग तिचं नाव घेतलं, व्हेंदेलीन पिणार, द्राहोमीरा पिणार. खरं सांगायची ती वेळ होती. मी बाईंचे आभार मानले आणि त्यांना हात धरून फाटकापर्यंत पोचवलं.

१५ ऑक्टोबर, सोमवार

चालू झाली. झाकणात वाकडी काचेची नळी बसवली आहे, तिच्यात बोटभर पाणी. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडा होऊन निघतो. नऊ अंश, काटा हलत नाही. दहा मिनिटं दार उघडं ठेवतो, मग आत जाऊन बसतो, नोंद करतो. घरात आपल्याशिवाय काहीतरी जिवंत आहे हे किती दिवसांनी जाणवलं.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

बुडबुड्यांची चाल बदलली आहे. तीन भरभर, एक लांब, मग थांबतात. आज मी मनात मोजलं: अकरा, बारा, तेरा. मग परत तीन भरभर.

ही चाल मला पाठ आहे. द्राहाच्या शेवटच्या आठवड्यात सहा दिवस मी खाटेशेजारी बसून हेच मोजत होतो. तीन, एक, मग तेरा. दर वेळी तेरापर्यंत माझाही श्वास अडकलेला असायचा.

पंखा बंद केला. थंडीचं यंत्र बंद केलं. नळी बदलली. चाल तीच.

२१ ऑक्टोबर, रविवार

दार उघडं असलं की बुडबुडे थांबतात. बंद करून आत बसलं की दोन मिनिटांत सुरू. बाहेर कान लावून ऐकायला जावं तर शांत. पाच वेळा करून पाहिलं.

वायूचं मला कळतं, मी काही खुळा नाही. घड्याळ लावून पंधरा मिनिटं बसतो, मग बाहेर. डोकं जरा दुखतं. आज तिला प्लमच्या झाडांबद्दल सांगितलं. स्वयंपाकघर अजून रंगवलेलं नाही हेही सांगितलं. ते ऐकून मधला खंड सतरापर्यंत लांबला. रागावली की ती अशीच गप्प बसायची.

२४ ऑक्टोबर, बुधवार

मंदावते आहे. मंदावणारच, काढ्यातली साखर संपत आली. कोणत्याही पुस्तकात हेच लिहिलेलं असतं: आता बुडबुडे थांबतील, बिअर निवळेल, तुम्ही खूश व्हाल.

वीस. सव्वीस. एकतीस मोजले तेव्हा मी उठलो, स्वयंपाकघरात जाऊन किलोभर साखर पाण्यात उकळली, निववली आणि पिंपात ओतली. बिअरचं वाटोळं झालं हे कळत होतं. दुपारपर्यंत परत तेरा. जीव भांड्यात पडला.

२७ ऑक्टोबर, शनिवार

मुलगी झाली. तीन किलो दोनशे ग्रॅम. राद्काचा आवाज दमलेला पण हसरा होता. ती म्हणाली, बाबा, हिचे कान अगदी तुमच्यासारखे आहेत, बिचारी.

फोन ठेवून मी तडक गोठ्यात गेलो. दहा मिनिटं थांबलो नाही. दार लावून घेतलं आणि बातमी सांगितली. बराच वेळ काही नाही. मग भराभर बुडबुडे आले, द्राहाला हसू आवरायचं नाही तसे. तिचं हसू नेहमी शेवटी खोकल्यात जायचं.

तसा खोकला आला.

नळीतून नव्हे. पिंपामागच्या कोपऱ्यातून, जिथे बाईंनी भोक पाडायला सांगितलं होतं.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

मृतांचा दिवस. गाव सकाळपासून शेवंती आणि दिवे घेऊन कबरस्तानाकडे चाललं आहे. राद्काने फोनवर विचारलं, आईच्या कबरीवर जाऊन आलात का? बाळाचा सहावाच दिवस, तिला घराबाहेर पडता येत नाही. मी म्हणालो, गरज नाही. ती रडायला लागली. मग ती म्हणाली, आई तिथे आहे, बाबा, आणि तिच्यापाशी कोणी गेलं नाही. तुम्ही नक्की कुठे आहात?

अपोलेनाबाई फाटकाशी थांबल्या, यजमानांसाठीचा दिवा हातात. मालकीणबाई कधी येताहेत म्हणाल्या. मी म्हणालो, आली. त्यांनी बिनपडद्याच्या खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग दिवा खाली ठेवून म्हणाल्या, गेलीय ना हो ती? मी मानेनेच हो म्हटलं. कधी? फेब्रुवारीत, एवढं बोटांवर मोजून दाखवलं.

त्या पायरीवर बसल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, मी तिला मेल्यावर बोलावलं हो, तुमच्या शब्दावर. आता बिअर तिची वाट बघते आणि तिला धड जाता येत नाही. तिची शेवटची जी दशा तुमच्या मनात आहे, त्याच दशेत ती अडकलीय. मी सांगून उपयोग नाही, घरच्या माणसानेच सांगायचं. जा आणि सांगा तिला. आत्ता.

म्हणजे मी तिला तो आठवडा परत जगायला लावतो आहे. तीन, एक, तेरा. किलो किलो साखर घालून.

४ नोव्हेंबर, रविवार

गेलो. पिंपावर बोटाने ठोकलं. द्राहोमीरा, एवढं म्हणालो. पुढचा शब्द निघालाच नाही. आतून लगेच तीन बुडबुडे आले, हाक मारल्यावर ओ द्यावी तसे.

उद्या, म्हणालो. साखर घातली.

७ नोव्हेंबर, बुधवार

ती थकली आहे. श्वासाबरोबर घरघर येते आता. कोपऱ्यातून. मी म्हणतो झोप. झोपेल कशी—

पंधरा मिनिटांचं घड्याळ घरातच राहतं. नखं निळसर. जिना चढताना धाप. मला माहीत आहे कशाने.

दुकानात साखर दिली नाही. अपोलेनाबाईंनी बजावून ठेवलंय म्हणे. मध होता घरात. द्राहाच्या बहिणीने दिलेला, दोन बरण्या. तो घातला.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मध संपला. तीन, एक, आणि चाळीस. चाळीस मोजताना मीही श्वास घेतला नाही. तिचा आला तेव्हाच माझा—

बाई दाराशी येऊन ओरडत होत्या. म्हणत होत्या, अहो, तिची दया येऊ द्या जरा. तुमचं प्रेम म्हणजे नुसता हट्ट झाला.

खरं आहे. खरं आहे ते.

१० नोव्हेंबर, शनिवार

ठरलं. उद्या, राद्का यायच्या आत. बाळ या घरात यायच्या आत हे संपायला हवं. हंस अपोलेनाबाई भाजणार आहेत. त्या म्हणाल्या, दार उघडं टाकून म्हणा, मी बाहेर उभी राहते. मी सांगितलं, दार उघडं असलं की तिला ऐकू जात नाही. तिच्यापाशी बसूनच सांगायला हवं. इस्पितळात शेवटच्या दिवशी मी कॉफी आणायला खाली गेलो होतो, तेवढ्यात ती गेली. हे कोणालाच सांगितलेलं नाही. राद्कालाही नाही.

११ नोव्हेंबर, रविवार, दुपार

आत आहे. दिवा चालू. दार लावलं. वही मांडीवर, लिहीत राहिलो की शब्द येईल.

तीन. एक. पन्नास.

ठोकलं. नाव घेतलं. कॉफीचं सांगितलं आधी. मग ते—

म्हणालो. मोठ्याने. द्राहोमीरा, तू फेब्रुवारीत वारलीस. तू आता नाहीस. वाट बघणं संपलं.

बुडबुडा नाही. शंभर मोजले. दोनशे. नाही. पाण्यावर तरंगही नाही.

रडलो. खूप. मग हलकं वाटलं. इतकं हलकं की—

गाडी आली. राद्काचा आवाज, बाबा, कुठे आहात. अपोलेनाबाई काहीतरी ओरडल्या. आणि बाळ. रडतंय. केवढा आवाज, छाती भरभरून. असा श्वास मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

मला तिला बघायचंय. तिचे कान बघायचेत. फेब्रुवारीपासून काही बघावंसंच वाटलं नव्हतं. आज वाटतंय.

उठवत नाही. पाय जड. लाकडी. दार दोन पावलांवर.

डावा हात कोणीतरी धरलाय. गार आहे. श्वास नाही तिला आता, नुसता हात. वाटलं होतं सांगितलं की जाईल. ती एकटी जायला तयारच ना—

द्राहा, तेव्हा नव्हतो, चुकलं माझं. पण आज नको. सोड. बाळ दाराशी आलंय. मला ज